रोमन लोक आयर्लंडला पोहोचले होते का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ब्रिटनचा मोठा भाग इ.स. 43 पासून पाचव्या शतकाच्या आरंभापर्यंत रोमच्या अमलाखाली होता. आयर्लंडचा ईशान्य किनारा आणि स्कॉटलंड यांच्यातला समुद्र सर्वांत अरुंद जागी जेमतेम 20 किलोमीटरचा आहे आणि हवा स्वच्छ असली की पलीकडची जमीन नुसत्या डोळ्यांनी दिसते. एवढ्या जवळ साडेतीन शतके राहूनही रोमने हे बेट घेतले नाही, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती बरोबर आहे का, आणि बरोबर असेल तर आयरिश मातीत सापडणाऱ्या रोमन वस्तूंचा अर्थ काय लावायचा, याविषयी वाचक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात त्यांची उत्तरे येथे दिली आहेत.

रोमने आयर्लंड जिंकले होते का?

नाही. निदान तसे म्हणावे असा एकही पुरावा आजवर मिळालेला नाही. रोमन सत्ता जेथे जाते तेथे विशिष्ट खुणा सोडते: आखीव रस्ते, चौकोनी आणि गोलसर कोपऱ्यांच्या छावण्या, पलटणीचे शिक्के असलेल्या विटा आणि कौले, स्नानगृहे, लॅटिन शिलालेख, मैलाचे दगड. स्कॉटलंडमध्ये रोमनांचा मुक्काम अल्पकाळच टिकला, तरी तेथे विमानातून काढलेल्या छायाचित्रांत मोहिमेच्या तात्पुरत्या छावण्यांचे खंदक शेतांतून उमटलेले दिसतात. आयर्लंडचीही हवाई पाहणी भरपूर झाली असून तशी एकही निःसंशय छावणी तेथे आढळलेली नाही.

मात्र "जिंकले नाही" या विधानावरून "संबंधच नव्हता" असे अनुमान काढता येत नाही. वादाची खरी जागा या दोन विधानांच्या मध्ये आहे. व्यापारी, निर्वासित, भाडोत्री सैनिक, लुटारू, गुलाम, यात्रेकरू आणि धर्मप्रचारक यांपैकी कोण कोण समुद्र ओलांडून गेले आणि कोणी किती काळ मुक्काम केला, हा तपासण्याजोगा प्रश्न आहे.

रोमन लेखकांना या बेटाची कितपत माहिती होती?

सुरुवातीला ऐकीवच. ज्यूलियस सीझरने ब्रिटनच्या वर्णनात हिबर्निया, म्हणजे आयर्लंड, हे बेट ब्रिटनच्या साधारण निम्मे असावे असे लिहिले आहे. स्ट्रेबोने तेथील लोक नरभक्षक असल्याचे नोंदवले, पण या गोष्टींना विश्वसनीय साक्षीदार नाहीत अशी पुस्तीही लगेच जोडली. पोम्पोनियस मेला सांगतो की तेथले गवत इतके कसदार आहे की गुरांना वेळीच आवरले नाही तर ती चरता चरता फुटतात. तिसऱ्या शतकातल्या सोलिनसने आयर्लंडमध्ये साप नसल्याचे लिहून ठेवले आहे. संत पॅट्रिकने साप हाकलले ही कथा ज्यांना ठाऊक आहे त्यांनी लक्षात ठेवावे की ही नोंद पॅट्रिकच्या जन्माआधीची आहे.

दुसऱ्या शतकाच्या मध्यास टॉलेमीने केलेल्या भूगोलात मात्र चित्र एकदम बदलते. त्यात आयर्लंडच्या किनाऱ्यावरच्या नद्या, भूशिरे, जमाती आणि काही वस्त्या अक्षांश-रेखांशांसह दिलेल्या आहेत. बुविंदा म्हणजे आजची बॉइन नदी आणि सेनोस म्हणजे शॅनन, हे बहुतेक अभ्यासकांना मान्य आहे. व्होलुंटी या नावात पुढच्या काळातले उलाद, म्हणजे ज्यांच्यावरून अल्स्टर हे नाव पडले ते लोक, ओळखू येतात. एब्लाना म्हणजे डब्लिन ही जोडणी लोकप्रिय असली तरी ध्वनिशास्त्र आणि स्थान या दोन्ही कसोट्यांवर ती लंगडी पडते.

टॉलेमी स्वतः अलेक्झांड्रियात बसून लिहीत होता. त्याच्यापर्यंत ही नावे आली ती अखेरीस खलाशी आणि व्यापारी यांच्याकडून. किनाऱ्यावरची नावे दाट आणि आतल्या मुलखाची विरळ आहेत, त्यावरूनही हेच दिसते. ही माहिती जहाजावरून बेट पाहणाऱ्यांची आहे, त्यावर पायी फिरलेल्यांची नाही.

अॅग्रिकोला आणि आयरिश राजपुत्र यांची गोष्ट खरी आहे का?

सगळ्या चर्चेचा कणा असलेला उतारा हाच, म्हणून तो जरा सावकाश पाहू. अॅग्रिकोला इ.स. 77 च्या सुमारास ब्रिटनचा सुभेदार झाला. त्याचा जावई टॅसिटस याने इ.स. 98 च्या सुमारास सासऱ्याचे चरित्र लिहिले. त्याच्या चोविसाव्या प्रकरणात तीन गोष्टी येतात. मोहिमांच्या पाचव्या वर्षी अॅग्रिकोलाने आयर्लंडसमोरच्या किनाऱ्यावर सैन्य उभे केले, तेही भीतीपोटी नव्हे तर पुढच्या आशेने. अंतर्गत बंडाळीत हाकलला गेलेला एक आयरिश छोटा राजा त्याने मैत्रीच्या नावाखाली आपल्याजवळ ठेवून घेतला होता, पुढेमागे उपयोगी पडेल म्हणून. आणि एक पलटण व थोडे साहाय्यक सैन्य एवढ्या बळावर हे बेट जिंकून ताब्यात ठेवता येईल असे अॅग्रिकोला म्हणत असल्याचे टॅसिटसने अनेकदा ऐकले होते.

गोष्टीत अशक्य असे काही नाही. परागंदा राजपुत्राला पोसून ठेवणे आणि योग्य वेळी त्याच्या हक्कासाठी म्हणून फौज पाठवणे ही रोमची नेहमीची चाल होती. पण लिहिणारा जावई आहे आणि सासऱ्याला मागे बोलावणारा सम्राट डोमिशियन हा त्याच्या दृष्टीने खलनायक आहे, हे विसरून चालणार नाही. "संधी दिली असती तर सासरेबुवांनी आयर्लंडही घेतले असते" असा सूर त्या वाक्यात लपलेला आहे. एक पलटण म्हणजे साधारण पाच हजार माणसे. त्या काळी ब्रिटनमध्ये चार पलटणी होत्या आणि तेवढ्या असूनही उत्तरेचा बंदोबस्त पुरा होत नव्हता. तेव्हा हा अंदाज लष्करी हिशेबापेक्षा जेवणानंतरच्या गप्पांत जास्त शोभतो.

याच प्रकरणातले एक साधे वाक्य मात्र मला राजपुत्रापेक्षा मोलाचे वाटते. आयर्लंडच्या वाटा आणि बंदरे व्यापारामुळे आणि व्यापाऱ्यांमुळे बऱ्यापैकी ज्ञात आहेत, असे टॅसिटस जाता जाता सांगतो. येथे त्याला कोणाची स्तुती करायची नाही, म्हणून या वाक्यावर अधिक विश्वास ठेवावासा वाटतो.

अॅग्रिकोलाने स्वतः समुद्र ओलांडला होता का?

त्याच प्रकरणाच्या आरंभी, पाचव्या वर्षी तो जहाजाने पलीकडे गेला आणि तोवर अपरिचित असलेल्या जमातींना त्याने लढायांत नमवले, असे म्हटले आहे. कुठे पलीकडे, हे टॅसिटस सांगत नाही. हस्तलिखितातला त्या ठिकाणचा लॅटिन पाठही संशयास्पद आहे. बहुतेक अभ्यासकांच्या मते हा प्रवास क्लाइड किंवा सॉल्वे खाडी ओलांडून नैर्ऋत्य स्कॉटलंडात झाला. तो आयर्लंडलाच होता असे मानणारेही काही आहेत, पण त्यांची अडचण अशी की तसे असते तर टॅसिटसने ते गुलदस्त्यात का ठेवले असते? आयर्लंडच्या भूमीवर पाऊल ठेवणारा पहिला रोमन सेनापती आपला सासरा, हे त्याने ठळकपणे लिहिले असते.

कवी जुव्हेनल तर स्पष्ट लिहितो की रोमची शस्त्रे आयर्लंडच्या किनाऱ्यापलीकडे गेली. मग?

ते उपरोधिक काव्य आहे. रोमच्या सीमा जगाच्या टोकाला पोहोचल्या आणि राजधानीत मात्र नीती रसातळाला गेली, हा विरोध रंगवण्यासाठी त्याने आयर्लंड आणि ऑर्कनी बेटांची नावे घेतली आहेत. त्यावरून मोहीम सिद्ध करणे बरोबर होणार नाही.

तो राजपुत्र म्हणजेच आयरिश आख्यायिकांतला तुआथल तेख्तमार का?

मध्ययुगीन आयरिश ग्रंथांत तुआथलची कथा अशी आहे की त्याच्या बापाला बंडखोरांनी मारले, गर्भवती आई ब्रिटनला पळाली, मुलगा तेथेच वाढला आणि मोठेपणी सैन्य घेऊन येऊन त्याने आयरिश राजांचे पीठ असलेली टाराची टेकडी जिंकली. नंतरच्या इतिवृत्तकारांनी त्याचा काळ इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकाच्या संधीवर बसवला. टॅसिटसच्या राजपुत्राशी हे इतके जुळते की मोह आवरत नाही, आणि काही पुरातत्त्वज्ञांनी ही सांगड गंभीरपणे मांडलेली आहे.

अडचण अशी की कथेचे लिखित रूप घटनेनंतर कित्येक शतकांनी तयार झाले आणि तारखा तर मठांतल्या विद्वानांनी बायबलच्या कालगणनेशी मेळ घालताना बसवल्या. शिवाय हद्दपार वारसदार परत येऊन गादी मिळवतो, हा आयरिश कथांमधला ठरीव साचा आहे. जुळणी आकर्षक आहे, पुरावा म्हणून ती फार हलकी ठरते.

ड्रमाना येथे रोमन किल्ला सापडला, हे खरे आहे का?

डब्लिनच्या उत्तरेस लॉकशिनी गावाजवळ ड्रमाना नावाचे भूशिर समुद्रात घुसले आहे. त्याचा विस्तार सुमारे 40 एकर आहे. जमिनीकडची बाजू खंदक आणि बांध यांच्या तीन समांतर रांगांनी तोडलेली आहे आणि एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी नेपोलियनच्या धास्तीने बांधलेला एक गोल मार्टेलो बुरूज आत उभा आहे. कड्यांनी तीन बाजू राखायच्या आणि चौथी खंदकाने बंद करायची, ही आयरिश लोहयुगातली जुनी रीत आहे. रोमन छावणीचा आराखडा असा नसतो.

1980 च्या दशकात धातुशोधक यंत्रे घेऊन आलेल्या लोकांनी येथून चोरून वस्तू काढल्या. त्यांत रोमन नाणी आणि दागिने होते. त्या वस्तू पुढे सरकारच्या हाती लागल्या, पण मालकीचा वाद न्यायालयात गेल्यामुळे वर्षानुवर्षे त्यांचा तपशील प्रसिद्ध होऊ शकला नाही. 1996 च्या जानेवारीत एका ब्रिटिश वृत्तपत्राने रोमनांनी आयर्लंडवर स्वारी केल्याचे सिद्ध झाले अशा थाटात बातमी छापली आणि गदारोळ उडाला. अभ्यासकांपुढे वस्तू नाहीत, जागेवर उत्खनन नाही आणि वाद मात्र जोरात, अशी ती विचित्र अवस्था होती.

फिंगल काउंटी कौन्सिलने 2016 मध्ये ही जागा विकत घेतली आणि 2018 पासून गावकऱ्यांच्या सहभागाने तेथे रीतसर उत्खनन सुरू झाले. त्यात दक्षिण स्पेनमधून ऑलिव्हचे तेल वाहून आणणाऱ्या फुगीर रांजणांची खापरे मिळाली. अलीकडे एक अखंड रोमन भांडे आणि जळून कोळसा झाल्यामुळेच टिकलेले एक अंजीर, अशाही वस्तू हाती आल्या. अंजीर आयर्लंडच्या थंड, दमट हवेत पिकत नाही. ते वाळवून, गोणीत किंवा बरणीत भरून, जहाजावर चढवून येथवर आणावे लागले असणार, आणि कोणाच्या तरी चुलीत ते पडले. मला तलवारीपेक्षा हे अंजीर जास्त बोलके वाटते, कारण त्यावरून तेथे कोणीतरी जेवत होते हे कळते.

आज ड्रमानाकडे ब्रिटनशी नियमित देवाणघेवाण करणारे व्यापारी ठाणे म्हणून पाहिले जाते. तेथे राहणारे आयरिश होते, ब्रिटनहून आलेले होते की दोन्ही एकत्र नांदत होते, हे सांगायला भांडी पुरेशी नाहीत.

आयर्लंडमध्ये रोमन पद्धतीची दफने मिळाली आहेत का?

मिळाली आहेत, आणि माझ्या मते सगळ्यांत वजनदार पुरावा हाच आहे. नाणे हातोहाती शंभर कोस जाते. पण मृताला निरोप देण्याची रीत माणसाबरोबरच प्रवास करते.

ड्रमानाच्या जवळच समुद्रात लॅम्बे बेट आहे. 1927 मध्ये तेथल्या धक्क्याचे काम चालू असताना काही दफने उघडी पडली. त्यांत लोखंडी तलवार, ढालीचा मधला फुगवटा, आरसा, गळ्यातले कडे आणि पहिल्या शतकातल्या रोमन ब्रिटनच्या धाटणीचे वस्त्रकाटे होते. उत्तर इंग्लंडमधल्या ब्रिगँटीस लोकांवर रोमने हल्ले केले तेव्हा पळून आलेली ही माणसे असावीत, असा तर्क त्यावरून मांडला गेला. तो खरा असेल तर रोमन वस्तू घेऊन आलेले हे लोक रोमपासूनच पळत होते, असा अर्थ होतो.

डब्लिनच्या दक्षिणेस ब्रे हेड येथे 1835 मध्ये काही सांगाडे मिळाले. डोक्याशी व पायाशी दगड होते आणि सांगाड्यांजवळ ट्रेजन आणि हेड्रियन या सम्राटांची तांब्याची नाणी होती. मृतात्म्याला परलोकीची नदी पार करून देणाऱ्या नावाड्याचे भाडे म्हणून प्रेताबरोबर नाणे ठेवण्याची ग्रीक-रोमन चाल प्रसिद्ध आहे. नाण्यांचा व्यवहारच नसलेल्या समाजात ही कल्पना आपोआप सुचणे कठीण. फक्त हा शोध पुरातत्त्वाची शिस्त बसण्याआधीचा आहे आणि आपल्याजवळ आहे ती त्या काळची त्रोटक हकिगत.

तिसरे ठिकाण किलकेनी परगण्यातले स्टोनीफोर्ड. तेथे एकोणिसाव्या शतकात काचेचा अस्थिकलश, त्यात दहनानंतरचे अवशेष, सोबत काचेची छोटी कुपी आणि काशाचा आरसा मिळाला. काचेच्या भांड्यात रक्षा भरून आरसा आणि अत्तराची कुपी बरोबर देणे ही पहिल्या शतकातल्या रोमन जगातली, बहुधा एखाद्या स्त्रीची, अंत्यक्रिया आहे. शिवाय स्टोनीफोर्ड किनाऱ्यापासून बरेच आत आहे, म्हणजे वादळात भरकटून किनाऱ्याला लागलेल्या जहाजाची गोष्ट येथे लागू होत नाही. तेथे असे कोणीतरी राहत होते ज्याच्या आप्तांना ही रीत नीट माहीत होती. एका कबरीवरून वसाहत ठरत नाही हे खरे, पण ही एक कबर दुर्लक्षिताही येत नाही.

न्यूग्रेंजला रोमन नाणी कशी पोहोचली?

बॉइन नदीकाठची न्यूग्रेंजची समाधी इ.स.पू. 3200 च्या सुमारास बांधली गेली, म्हणजे रोमन काळातही ती तीन हजार वर्षे जुनी होती. तिच्या दाराच्या आसपास सतराव्या शतकाच्या अखेरीपासून 1962 ते 1975 च्या उत्खननापर्यंत वीसहून अधिक रोमन नाणी मिळाली आहेत. त्यांत काही सोन्याची आहेत आणि त्यांचा काळ डोमिशियनपासून चौथ्या शतकाच्या अखेरपर्यंत पसरला आहे. 1842 मध्ये तेथेच सोन्याच्या बांगड्या, अंगठ्या आणि साखळी असा ऐवजही मिळाला.

यांतली एक वस्तू हातात धरून पाहावी अशी आहे. गळ्यातल्या पिळाच्या सोन्याच्या कड्याचे तुटलेले, आकड्यासारखे वाकवलेले ते टोक आहे. कडे स्थानिक कांस्ययुगीन घडणीचे आहे, रोमन काळाहून हजार वर्षे जुने. आणि त्यावर नंतर कोणीतरी रोमन लिपीत बारीक अक्षरे कोरली आहेत, ज्यांचा उलगडा आजवर निर्विवादपणे झालेला नाही. प्राचीन आयरिश दागिना, त्यावर लॅटिन लेखणी आणि देवस्थानी वाहिलेला. बॉइन नदीला आयरिश परंपरेत देवी मानतात आणि न्यूग्रेंज हे देवांचे निवासस्थान. रोमन ब्रिटनमध्ये देवळात आणि झऱ्यात नाणी टाकण्याचा प्रघात सर्रास होता. त्यामुळे ही नाणी हरवलेली नसून भक्तांनी वाहिलेली आहेत, हे बहुतेकांना पटते. भक्त ब्रिटनहून आलेले होते की तिकडे जाऊन परतलेले आयरिश होते, यावर मतभेद आहेत.

आयर्लंडमध्ये सापडणारे प्रत्येक रोमन नाणे पुरावा मानावे का?

मुळीच नाही. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत युरोपच्या सहलीहून नाणी आणणे हा श्रीमंतांचा छंद होता. ती हरवत, फेकली जात, बागेच्या मातीत मिसळत. 1973 मध्ये जे. डी. बेटसन यांनी तोवरच्या सर्व नोंदी एकेक करून तपासल्या आणि मोठा भाग संशयास्पद किंवा आधुनिक काळात आलेला म्हणून बाजूला काढला. तेव्हापासून नाणे कुठल्या स्तरातून, कोणत्या वस्तूंसोबत आले हे विचारल्याशिवाय त्याची दखल घेत नाहीत.

टारा येथली हकिगत यासाठी सांगण्याजोगी आहे. 1899 ते 1902 या काळात ब्रिटिश लोक हे इस्राएलचे हरवलेले कुळ आहे असे मानणाऱ्या एका पंथाने टाराच्या टेकडीवर कराराचा कोश, म्हणजे बायबलमधली पवित्र पेटी, पुरलेला आहे म्हणून खोदकाम मांडले आणि एका प्राचीन गढीची नासधूस केली. कोश मिळाला नाही, थोडी रोमन नाणी मिळाली. त्या उत्साही मंडळींचा हिरमोड होऊ नये म्हणून कोणीतरी ती आधीच पेरून ठेवली होती, असे सांगितले जाते. आणि गंमत अशी की त्याच गढीत 1950 च्या दशकात शास्त्रशुद्ध उत्खनन झाले तेव्हा खरीखुरी रोमन भांडी, काच आणि शिशाचे मोहोर लावायचे साधन मिळाले. पेरलेले आणि अस्सल एकाच टेकडीवर निघाले.

टिपरेरीत सापडलेला वैद्याचा शिक्का काय सांगतो?

टिपरेरी परगण्यात गोल्डन या गावी 1842 मध्ये पाटीच्या दगडाची एक लहान चकती मिळाली. तिच्या कडेवर उलटी अक्षरे कोरलेली आहेत. रोमन नेत्रवैद्य डोळ्यांच्या मलमाच्या वड्या करत आणि त्या ओल्या असताना अशा शिक्क्याने त्यांवर वैद्याचे नाव, औषधाचे नाव आणि उपयोग उमटवत. गोल्डनच्या शिक्क्यावर मार्कस जुव्हेंटियस तुतियानस याचे नाव आणि जुन्या व्रणांवरचे मलम असा मजकूर आहे.

असे शिक्के गॉल (साधारण आजचा फ्रान्स) आणि ब्रिटनमध्ये बऱ्याच संख्येने मिळतात, आयर्लंडात हा एकटाच. यावरून गावोगाव फिरणारा डोळ्यांचा वैद्य आयर्लंडच्या आतल्या भागात पोहोचला होता असे कल्पिता येते. तितक्याच सहजपणे हा शिक्का लुटीच्या मालातून, किंवा नक्षीदार दगड म्हणून कोणाच्या गळ्यात बांधून आला असेल. एका वस्तूवरून एक माणूस उभा करण्याचा मोह येथे सर्वांत प्रबळ असतो आणि तो टाळणेच बरे.

चांदीचे साठे लुटीचे आहेत की पगाराचे?

1854 मध्ये कोलरेनजवळ बॅलिनरीस येथे दीड हजारांहून अधिक चांदीची नाणी, चांदीच्या लगडी आणि भांड्यांचे कापलेले तुकडे मिळाले. हा ऐवज पाचव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत पुरला गेला. लिमरिक परगण्यात बॅलाइन येथे 1940 मध्ये लगडी आणि कापलेल्या ताटल्यांचा लहान साठा मिळाला. पूर्वी हे सरळ लुटीचे धन मानले जाई. इ.स. 367 मध्ये पिक्ट, स्कॉटी आणि अटाकोटी यांनी ब्रिटनवर एकाच वेळी चाल केल्याचे अमियानस मार्सेलिनस लिहितो, आणि स्कॉटी म्हणजे आयर्लंडहून येणारे लोक, हे त्या चित्राशी जुळते.

परंतु शिक्का मारलेल्या लगडी आणि वजनावर कापलेली चांदी ही उत्तर रोमन काळात सैनिकांना इनाम देण्याची पद्धतही होती. अटाकोटीही आयर्लंडचेच असावेत असे काही अभ्यासक मानतात, आणि त्यांच्या नावाच्या तुकड्या रोमन सैन्याच्या अधिकृत यादीत दिसतात. तेव्हा काही आयरिश लोक रोमच्या चाकरीत होते आणि कमावलेली चांदी घेऊन घरी परतले, ही शक्यता लुटीइतकीच जमेस धरली पाहिजे. एकच माणूस तरुणपणी लुटारू आणि नंतर पगारी शिपाई असणे त्या काळात नवलाचे नव्हते.

बॅलिनरीसच्या लगडीवर "पॅट्रिकियसच्या कारखान्यातून" असे लिहिले आहे. हाच संत पॅट्रिक का?

नाही. पॅट्रिकियस हे उत्तर रोमन काळातले प्रचलित नाव होते.

आयरिश भाषेत या संबंधांच्या खुणा आहेत का?

आहेत, आणि त्या खोदून काढाव्या लागत नाहीत. जुन्या आयरिशमध्ये सैनिकाला मील म्हणत, ते लॅटिन मीलेसवरून. मद्याला फीन, ते वीनुमवरून. जहाजाला लोंग, ते लांब युद्धनौकेच्या लॅटिन नावातून. शनिवारचे आयरिश नाव आजही रोमन देव सॅटर्नवरून आहे.

यांत एक सुंदर तपशील आहे. आदिम आयरिशमध्ये प हा ध्वनीच नव्हता. म्हणून सर्वांत आधी आलेल्या लॅटिन शब्दांतल्या प चा क झाला: जांभळ्या रंगाचा पुरपुरा हा शब्द कोर्कुर झाला, पास्का हा सण कास्क झाला आणि खुद्द पॅट्रिकचे एक जुने रूप कोथ्रिगे असे मिळते. नंतरच्या लाटेतल्या शब्दांत प टिकला, कारण तोवर आयरिश जिभेला तो वळू लागला होता. चुंबनाला आयरिशमध्ये पोग म्हणतात, तो ख्रिस्ती उपासनेतल्या शांतीच्या चुंबनाच्या लॅटिन शब्दातून आला. शब्दांचे असे थर लागतात त्यावरून संपर्क एका झटक्यात झाला नाही, हे दिसते.

ओगम लिपीही येथेच येते. दगडाच्या कडेवर रेघा पाडून लिहिण्याची ही आयरिश पद्धत चौथ्या शतकाच्या सुमारास रूढ झाली आणि स्वर-व्यंजनांची तिची मांडणी लॅटिन वर्णमाला ठाऊक असलेल्या कोणीतरी योजलेली दिसते. 1893 मध्ये इंग्लंडमधल्या सिल्चेस्टर या रोमन नगरात एका विहिरीतून ओगम कोरलेला लहान खांब निघाला. म्हणजे वाहतूक एकतर्फी नव्हती आणि रोमन शहरात राहणारा एखादा आयरिश माणूस आपल्या भाषेत नाव कोरून गेला.

ख्रिस्ती धर्म पॅट्रिकनेच आणला ना?

त्याच्याआधीही तेथे ख्रिस्ती होते. प्रॉस्पर ऑफ अॅक्विटेन याच्या नोंदीनुसार पोप सेलेस्टाइनने इ.स. 431 मध्ये पॅलाडियसला "ख्रिस्तावर श्रद्धा ठेवणाऱ्या आयरिश लोकांचा" पहिला बिशप म्हणून पाठवले. श्रद्धावंत आधीपासून होते म्हणून तर बिशप लागला. पॅट्रिक स्वतः रोमन ब्रिटनचा होता, त्याचे वडील नगरसभेचे सदस्य आणि चर्चचे सेवक होते, आणि सोळाव्या वर्षी लुटारूंनी त्याला पकडून आयर्लंडला गुलाम म्हणून नेले. हे त्यानेच लिहून ठेवले आहे. आपल्याबरोबर हजारो लोक असेच नेले गेले, असेही तो म्हणतो. ख्रिस्ती धर्म आयर्लंडात नेणाऱ्यांत असे किती बेड्या पडलेले गुलाम असतील, याकडे धर्मेतिहासाची पुस्तके क्वचितच लक्ष देतात.

मराठी वाचकाला हा प्रश्न ओळखीचा का वाटतो?

कारण कोल्हापुरात पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकाडातून 1940 च्या दशकात पोसायडन या समुद्रदेवाची काशाची मूर्ती निघाली, आणि रोमनांनी करवीर जिंकले असे कोणी म्हटले नाही. तेरसारख्या ठिकाणी भूमध्य समुद्राकडच्या वस्तू मिळाल्या की आपण सहज व्यापार म्हणतो. टॉलेमीच्या ज्या भूगोलात बॉइन नदी आहे त्याच ग्रंथात पुळुमावीची राजधानी म्हणून पैठणही आहे. आयर्लंडच्या बाबतीत मात्र साम्राज्य अगदी शेजारी असल्यामुळे त्याच प्रकारच्या वस्तूंतून स्वारीचा वास येऊ लागतो. अंतर कमी असले म्हणून पुराव्याची कसोटी सैल करता येत नाही.

या वादात एवढी कटुता का येते?

विसाव्या शतकात स्वतंत्र झालेल्या आयर्लंडसाठी "रोमनांचा स्पर्श न झालेली केल्टिक भूमी" ही अभिमानाची कल्पना होती. त्यामुळे रोमन वस्तू निघाली की काहींना ती घुसखोरी वाटे, तर ब्रिटनमधल्या काहींना आपल्या प्रांताचा विस्तार. 1996 च्या बातमीवरची चिडचिड बरीचशी यातून आली. 2011 मध्ये डिस्कव्हरी प्रोग्रॅम या आयरिश संशोधन संस्थेने उत्तर लोहयुगीन आयर्लंड आणि रोमन जग यांच्या संबंधांवर प्रकल्प हाती घेतला, तेव्हापासून चर्चेचा सूर बराच शांत झाला आहे.

या वस्तू कुठे पाहता येतील, आणि तेथे फिरताना काही सापडले तर काय करावे?

लॅम्बेच्या दफनातल्या वस्तू डब्लिनमधल्या किल्डेअर स्ट्रीटवरच्या राष्ट्रीय संग्रहालयाकडे आहेत. बॅलिनरीसचा साठा आणि न्यूग्रेंजचा 1842 चा सुवर्ण ऐवज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. न्यूग्रेंजच्या समाधीत मार्गदर्शकासोबत जाता येते.

आयर्लंडमध्ये परवान्याशिवाय धातुशोधक यंत्राने पुरावस्तू शोधणे गुन्हा आहे. सहज चालताना काही दिसले तर ते उचलू नये, जागेचे छायाचित्र काढून संग्रहालयाला कळवावे. वस्तू उचलली की तिच्याभोवतीची माती सुटते, आणि ड्रमानाच्या चोरलेल्या नाण्यांचा स्तर आता कोणालाच सांगता येणार नाही.